झाकणीचा शंख

हेतल फोनवर मैत्रिणीशी बोलत होती आणि मी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून शंख निवडत बसले होते. मोठे डावीकडं, लहान उजवीकडं, काटे मोडलेले वाटीत. लोणखेड्याच्या आमच्या कॉलनीत रविवारी दुपारी चिटपाखरू नसतं, त्यामुळं तिचा शब्दन्‌शब्द ऐकू येत होता. क्लासमधला एक मुलगा फार बडबड करायचा, त्याच्या वडिलांनी त्याला काढून घेतलं, आता वर्ग शांत आहे, असं काहीसं चाललं होतं. हेतल हसून म्हणाली, "चला, मंगळी गई, वास गया." पलीकडच्या मुलीला ते कळलं नसावं, कारण हेतलनं लगेच समजावलं, "अगं, आमच्या घरातली म्हण आहे. कटकट गेली की म्हणायचं." माझ्या हातातल्या शंखाचा काटा अंगठ्यात शिरला. काटेरी शंख हाताळणाऱ्या बाईला काटा लागणं रोजचंच, त्याचं काही नाही; पण मी तो काढला नाही, तसाच दाबून धरला. तिनं फोन ठेवल्यावर मी विचारलं, "मंगळी कोण, ठाऊक आहे का तुला?" ती म्हणाली, "कोण म्हणजे? म्हण आहे ना ती." आणि पाणी प्यायला निघून गेली. ही मुलगी पाच वर्षांची होईपर्यंत मंगळीबाईच्या खांद्याशिवाय झोपत नव्हती.

माणसाची म्हण व्हायला किती वर्षं लागतात, हे मला आता नेमकं सांगता येईल. सात. त्या सात वर्षांत मी नाव कमावलं, तेही सांगून टाकते. आरशांच्या आणि फोटोंच्या चौकटी करते मी, शंखशिंपल्यांच्या. समुद्र इथून कितीतरी लांब, आमच्याकडं पाणी म्हणजे तापी नाहीतर ट्यूबवेल, आणि तरी शहाद्यापासून सुरतेपर्यंत बायका माझ्याकडून चौकटी मागवतात. काटेरी शंखांना मागणी जास्त. फोटोखाली मी लिहिते, 'नैसर्गिक, काटेरी, प्रत्येक नग वेगळा.' हेतल त्याचे व्हिडिओ करून टाकते. त्या व्हिडिओत माझे हात दिसतात, गोंदाची बंदूक दिसते, काट्यांमधून ब्रश फिरताना दिसतो. एक गोष्ट दिसत नाही, कारण ती मी कुणी बघत नसताना करते. नवं पार्सल आलं की एकेक शंख उचलून मी त्याच्या तोंडाशी नाक नेते आणि श्वास ओढते. शंभर शंख असले तर शंभर वेळा. परवा नवनीतनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, ते पाहिलं आणि विचारलं, "अत्तर आहे का त्यात, नूतन?" मी हसले. सात वर्षं मी अशीच वेळेवर हसत आले आहे.

हेतलच्या फोनच्या त्या रविवारीही सासूबाई समोरच पलंगावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. हेतलचं बोलणं त्यांनी ऐकलं असेल, पण त्यांना त्यात नवं काय वाटणार? म्हण त्यांचीच. शांतीबाई असं त्यांचं नाव, पण आमच्या प्रकाशा गावच्या जुन्या घरात आणि गल्लीत त्यांना सगळे पाटलीणबाई म्हणायचे, आणि त्यांच्या नाकाची कीर्ती गावभर होती. दूध उतू जायच्या आधी त्यांना वास यायचा. कोणत्या पोत्यातल्या गव्हाला कीड लागणार ते त्या नुसतं जवळून जाऊन सांगायच्या. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत त्या बारा दिवस नंदुरबारच्या दवाखान्यात होत्या. परत आल्या त्या बिननाकाच्या. अजूनही त्यांना ना फोडणीचा वास येतो ना उदबत्तीचा. मध्ये एका पार्सलात चार शंख कुजके निघाले होते, मी नाकाला पदर लावला, आणि या त्यांच्याच शेजारी बसून शांतपणे मेथी निवडत होत्या. मी त्यांच्याकडं पाहत राहिले. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. ज्या नाकाची मी इतकी धास्ती घेतली होती ते आता घरात नव्हतं. मला मात्र त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडावंसं वाटलं. मी उठून ते चार शंख बाहेर टाकून आले आणि हात तीनदा धुतले.

मी बी.एस्सी. आहे, तेही प्राणिशास्त्र घेऊन. हे सांगते कारण माझ्या मूर्खपणाला यापेक्षा चांगलं प्रमाणपत्र मिळणार नाही. गोगलगाय कापून तिचे भाग दाखवायचे असतात प्रॅक्टिकलला. मी गुजर घरातली मुलगी, आमच्यात अंड्याचं कवचही उंबऱ्याच्या आत येत नाही, म्हणून मैत्रिणीकडून कापून घेतली आणि आकृती मात्र वर्गात सगळ्यांत सुबक काढली. कवच, पाय, डोकं, आणि तोंडावरची झाकणी. झाकणीला बाण काढून नाव लिहिलं, दहापैकी नऊ मार्क मिळवले. पुढं लग्न झालं, हेतल झाली, आणि ती पाचेक वर्षांची असताना आम्ही सोमनाथला गेलो आणि तिथून दीवला. चौपाटीवर एक बाई चादरीवर शंख मांडून बसली होती. त्यात हे काटेरी. मी असलं काही पाहिलंच नव्हतं. अंगभर लांब लांब काटे, आतून फिकट गुलाबी, आणि हातात घेतला की जड. "एकदम नेचरल छे, बेन," ती म्हणाली. मी अकरा निवडले. त्यात एक सर्वांत मोठा होता, आणि बाकीच्या दहांची तोंडं उघडी होती तसं त्याचं नव्हतं. त्यावर तपकिरी, नखासारखी पातळ झाकणी होती, अगदी बसवल्यासारखी. मला तो सर्वांत पूर्ण वाटला. मी नवनीतला म्हणाले, "बघ, याचं झाकणसुद्धा शाबूत आहे." प्राणिशास्त्रात नऊ मार्क घेणाऱ्या बाईनं हे वाक्य उच्चारलं. पुस्तकातला प्राणी पुस्तकात असतो आणि चौपाटीवरची वस्तू पिशवीत, या दोघांची माझ्या डोक्यात कधी भेटच झाली नव्हती. शंख समुद्रात उगवतात, आपल्याकडं कपाशीला बोंडं येतात तसे, असंच काहीतरी मी मनात धरलं असणार. घर बंद आहे म्हणजे आत कुणीतरी आहे, हे शेंबड्या पोरालाही कळतं.

त्या अकरांची मी पहिली चौकट केली. आरसा ओसरीतून स्वयंपाकघराकडं जायच्या बोळात लावला, झाकणीचा शंख वर मधोमध. खाली एक खुंटी होती. ती मंगळीबाईची खुंटी. सकाळी आली की तिथं ती भाकरीचं गाठोडं अडकवायची. मी लग्न होऊन आले तेव्हापासून तिला तिथं गाठोडं अडकवतानाच पाहत होते. गावाच्या कडेला भिलाटी, म्हणजे भिल्लांची वस्ती आहे, तिथून ती यायची. गोठा, अंगण, भांडी, धुणं, आणि हेतल झाल्यावर हेतल. स्वयंपाकघरात तिला जायचं नसे. कुणी तसं म्हणत नसे, ती जातही नसे. तिचा कप खिडकीत वेगळा होता. दुपारी ती गोठ्याच्या पायरीवर पाठ करून बसून जेवायची आणि संध्याकाळी जाताना आमचं उरलंसुरलं डब्यात घेऊन जायची. "उरेल शे ते मंगळीले दे," असं सासूबाई रोज म्हणायच्या, आणि त्यात वाईटपणा नव्हता, उलट आपण पोटाला देतो याचं समाधान होतं. दोघींचं जमायचंही फार. भांडी घासता घासता दोघी दोन-दोन तास बोलायच्या, एक पायरीवर, एक खाली दगडावर. सासूबाईंनी आयुष्यात इतकं दुसऱ्या कुणाशी बोललेलं मला माहीत नाही, सासऱ्यांशीसुद्धा नाही.

फेब्रुवारीत आरसा लावला, उन्हाळाभर काही झालं नाही. आमच्याकडचा उन्हाळा दगडालाही वाळवतो. श्रावणात हवा ओली झाली, कपडे वाळेनात, मिठाला पाणी सुटलं, आणि बोळात वास यायला लागला. आधी पुसट. मग असा की बोळातून जाताना श्वास धरावा. तो वास काय आहे हे आमच्यापैकी कुणालाही अनुभवानं माहीत नव्हतं, पण ओळखला सगळ्यांनी. बाजाराच्या दिवशी सुकट-बोंबलाची ओळ ओलांडताना आम्ही नाकाला पदर लावतो, तोच. आणि कानबाई तोंडावर आलेली. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडं कानबाई बसते. भाऊबंद गोळा होतात, नैवेद्याच्या रोटांसाठी गहू निवडून दळायचे असतात, त्याआधी घर सारवून-रंगवून असं करायचं की देवीला बोट ठेवायला जागा राहू नये. त्या घरात मासळीचा वास. सासूबाईंनी दोन दिवस कोपरे हुंगले. माळ्यावर चढल्या. मोरीत फिनेल ओतलं. मग शुक्रवारी सकाळी त्या बोळात उभ्या राहिल्या, आणि वास जिथं सगळ्यांत जास्त होता तिथं त्यांच्या नाकासमोर काय होतं, तर मंगळीबाईचं गाठोडं. आरसा त्याच्या दीड हात वर होता. पण आरशाला वास येतो असं कुणाच्या मनात येईल? आमच्या घरात मासळी येऊ शकत होती ती एकाच वाटेनं.

"मंगळी," त्यांनी हाक मारली. त्या रागावलेल्या नव्हत्या, हे मला नीट आठवतं. एखादी वस्तू कुठं ठेवलीस असं हेतलला विचारावं तसं त्यांनी विचारलं, "कथा ठेवं तू?"

"काय, पाटलीनबाई?"

"तेच. मासोळी. कानबाई उनी तोंडवर. काढी टाक, मी काय बोलसू नही."

मंगळीबाईचे हात राखेनं भरलेले होते. तिनं ते लुगड्याला पुसले, गाठोडं काढलं आणि जमिनीवर सोडून दाखवलं. दोन भाकरी, एक कांदा, कागदात ठेचा. "देखा. आखो काय नही," ती म्हणाली.

सासूबाई वाकल्या, त्यांनी खरंच हुंगलं. मग म्हणाल्या, "मंग तुन्हा पदरले लागेल शे तो वास. घरथून लई येस तू." आणि थोडं थांबून, हळू आवाजात, "आते जाय. कानबाई उठू दे, मंग ये."

मंगळीबाईनं गाठोडं बांधलं. मी स्वयंपाकघराच्या दारात परात घेऊन उभी होते. तिनं माझ्याकडं पाहिलं. फार वेळ नाही. मी परातीकडं पाहिलं. त्या वेळी मला काही ठाऊक नव्हतं, म्हणजे त्या क्षणी मी निर्दोष होते असं कोर्टात म्हणता येईल. पण ठाऊक नव्हतं तरी एवढं तर म्हणता आलं असतं की आई, राहू द्या. ते मी का म्हणाले नाही, तर मलाही वाटलं होतं की वास तिचाच.

शनिवारी दुपारी घरात कुणी नव्हतं, सासूबाई गहू घेऊन गिरणीत गेल्या होत्या, आणि वास होताच. उलट वाढला होता. मी खुंटीच्या वरची भिंत पुसायला स्टुलावर चढले आणि चढल्यामुळं माझं तोंड आरशाच्या वरच्या कडेशी आलं. मला स्वतःचा चेहरा दिसला आणि त्याच श्वासाला तो वास घशापर्यंत गेला. मी केसांतला आकडा काढला आणि झाकणीच्या कडेत घातला. ती सहज निघाली नाही. आतून कुणी धरून ठेवल्यासारखी होती, आणि खरंच धरून ठेवलेली होती. ज्यानं ती लावून घेतली होती तो तिला चिकटूनच मेला होता. काळं, चिवट, ओलसर असं काहीतरी झाकणीबरोबर बाहेर आलं. मी आकृती काढली होती त्यातलं काहीच त्यात ओळखू येत नव्हतं. मी आरसा उतरवला, तो शंख चौकटीतून उपटला, परसात नेऊन खड्डा करून पुरला, वर शेणाची पाटी ओतली. कडेचा एक शंख काढून मधल्या मोकळ्या जागी चिकटवला. बोळ दोनदा पुसला, धूप घातला. हे सगळं अर्ध्या तासात, असल्या सफाईनं की मी जन्मभर हाच धंदा करत असावे. आणि त्या अर्ध्या तासात माझ्या मनात मंगळीबाई एकदाच आली. मी ठरवलं की कानबाई उठली की सांगू. आत्ता सांगितलं तर देवीच्या तोंडावर घरात मेलेलं जनावर टांगणारी सून म्हणून पंचवीस भाऊबंदांपुढं मी उभी राहीन. मंगळीबाई काय, दोन दिवसांनी येणारच आहे.

सासूबाई गिरणीतून आल्या, बोळात थांबल्या, त्यांनी लांब श्वास घेतला. आणि मग त्या बोलल्या. विजयानं नव्हे, मी त्यांच्यावर तसा आरोप करणार नाही. जरा खिन्नपणेच बोलल्या. "मंगळी गई, वास गया."

माझी सफाई हाच तिच्याविरुद्धचा पुरावा झाला. मी काहीच केलं नसतं, शंख तसाच सडू दिला असता, तर रविवारी, सोमवारी, वास येतच राहिला असता आणि ती आपोआप सुटली असती. ही गोष्ट मला त्याच क्षणी कळली, आणि मी म्हणाले, "हो ना आई." हे दोन शब्द मी म्हणाले. कुणी मागितले नव्हते.

रविवारी भाऊबंद जमले तेव्हा हे वाक्य ओसरीवर दहा वेळा फिरलं. सोमवारी कानबाईबरोबर नदीवर गेलं. मंगळवारी मंगळीबाई आली नाही आणि तिला बोलवायला कुणी गेलं नाही. जो वास इतका स्पष्टपणे जातो त्याला परत कोण बोलावतं? इतर घरांनीही तिला काम दिलं नाही, आमच्या पाटलीणबाईचं नाक म्हणजे शेवटचा शब्द. महिन्याभरात ती अक्कलकुव्याला लेकीकडं निघून गेली, असं आमच्या शेतातल्या गड्यानं, उखानं सांगितलं. सासूबाई त्यानंतर पायरीवर बसायच्या बंद झाल्या. दुसरी बाई लावली, तिच्याशी त्या बोलत नसत. एकदा म्हणाल्या, "मंगळीनी एक डाव येवाले पाहिजे व्हतं." मी भाजी चिरत होते, चिरत राहिले. तेव्हा सांगायला हवं होतं. मग लोणखेड्याला घर बांधलं तेव्हा. कोरोनात त्यांना गाडीत बसवताना तर माझ्या ओठांवर आलं होतं, पण मरायला निघालेल्या माणसाच्या गळ्यात आपली चूक कशी बांधायची, असा सुविचार मला सुचला. न सांगण्यासाठी मला नेहमी चांगलीच कारणं सुचत आली. आणि पुढं पुढं त्या दुःखाची मला सवय झाली, नव्हे, थोडी आवडही. आपल्याला टोचतंय म्हणजे आपण फार वाईट नाही, असा हिशेब. मी मनातल्या मनात तिची माफी मागायचे, आणि ती मनातल्या मनात मला माफ करायची, फार समजूतदारपणे. बाई ग, तू खातेस मासळी, त्यात काय पाप आहे, तुमच्यात खातात, पण तू आमच्या घरात कधी आणली नव्हतीस, मला माहीत आहे. असं माझं ते माफीचं भाषण होतं. इतकं पाठ की त्या आकृतीसारखं.

पण "म्हण आहे ना ती" हे ऐकल्यावर ते भाषण मला पुढं म्हणवेना. हेतल उद्या सासरी जाईल, तिथं म्हणेल, तिची मुलं म्हणतील. मी त्या रात्री नवनीतलासुद्धा काही बोलले नाही. उखाला फोन करून विचारलं, तर तो म्हणाला, मंगळीबाई अक्कलकुव्यात बाजाराच्या दिवशी बसते, मिरची विकते. बाजाराच्या दिवशी मी घरात सांगितलं की तळोद्याला एका ऑर्डरचं माप घ्यायचं आहे, आणि एस.टी.त बसले. खरं सांगायला निघतानाही मी खोटंच बोलून निघाले. गाडी प्रकाशावरून गेली. पुलावरून तापी दिसली, देवळांची शिखरं दिसली, आमच्या जुन्या घराकडं वळणारी गल्ली दिसली आणि गेली. शेजारची बाई मुलाला केळं सोलून देत होती. मला वाटत होतं की गाडी बंद पडावी. तळोदा गेलं, डावीउजवीकडं ऊस आणि पपई, मग डोंगर जवळ आले, आणि अक्कलकुवा.

रस्त्याच्या कडेनंच बाजार, आणि गुजरातकडं जाणारे ट्रक बाजाराच्या अंगावरून गेल्यासारखे जात होते. ती गोणपाटावर बसली होती. पुढं हिरव्या मिरच्यांचा ढीग, थोडी वांगी, तराजू. केस पार पांढरे झाले होते. मी समोर जाऊन उभी राहिले तर तिनं आधी पिशवीकडं पाहिलं, गिऱ्हाईक समजून, आणि मग तोंडाकडं.

"भाभी, तू?" ती म्हणाली. आश्चर्य होतं, पण उठली नाही. गोणपाटाची कडा सरकवून म्हणाली, "बठ."

मी बसले. ती म्हणाली, "हेतल केवढी व्हयनी?"

"बारा वरीसनी."

"आते वांगं खास का ती? पह्यले काढी टाके ताटमाथून."

"आजून बी काढी टाकस," मी म्हणाले. ती हसली. मला वाटलं, आता बोलले नाही तर हे असंच गोड होत जाईल आणि मी अर्धा किलो मिरची घेऊन परत जाईन. म्हणून मी एका दमात सांगितलं. वास आरशाचा होता, शंखात जीव मेला होता, मीच तो काढला, मीच पुरला, तुझा काही दोष नव्हता, मला दुसऱ्या दिवशीच कळलं होतं, मी बोलले नाही. पाठ केलेल्या भाषणातलं एकही वाक्य आलं नाही. ट्रक गेला म्हणून शेवटचं मला दोनदा सांगावं लागलं.

तिनं ऐकून घेतलं. मिरच्यांतली एक सडकी काढून बाजूला टाकली. मग म्हणाली, "मी काय आनं नही, हे माले तं तवयच म्हाईत व्हतं. माले काय सांगस तू?"

मी पुढ्यातली एक मिरची उचलून परत ढिगावर ठेवली.

"पाटलीनबाईले सांगं का?"

"नही."

"मंग?"

मी गोणपाटाचे दोरे ओढत राहिले. आणि काहीतरी बोलायचं म्हणून, तिच्या बाजूनं बोलतेय असं दाखवायचं म्हणून, मी म्हणाले की तू घरी मासळी खात असशील ते तुझं तुझ्या घरी, आमच्याकडं तर तू कधी आणली नाहीस.

पहिल्यांदा तिचा चेहरा कडक झाला. "मी मासोळी खास, असं कोनी सांगं तुले?" तिनं विचारलं. पोलक्याच्या आतून तिनं बोटानं एक बारीक माळ वर काढली, तुळशीची, घामानं काळी झालेली. "आमी भगत लोक शेतस. मन्हा आजलानी घालेल व्हती, मन्हा बापनी घाली, मी घाली. आमना घरमा मास नही, मासोळी नही, दारू नही. तुमना उरेल डबामा कांदालसून ऱ्हाये, एकादशीले मी तो गायले घाली दिये."

माळ तिच्या गळ्यात तेव्हाही असणार. माझ्या मुलीचं डोकं पाच वर्षं त्या माळेवर टेकलं होतं.

"मंग तवय कसाले नही सांगं?" मी म्हणाले.

"इचारं कोनी?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "पाटलीनबाईनी इचारं, कथा ठेवं. तू खास का, असं नही इचारं. आनि तू बी दारमा उभी व्हती."

मी सात वर्षं जिची माफी मागत होते ती बाई मासळी खाणारी होती. समोर बसलेल्या बाईची माफी मी अजून एकदाही मागितली नव्हती. मी पर्समधून फोन काढला. घरचा नंबर लावला. हेतलनं उचलला, मी म्हणाले, आजीला दे. मग फोन स्पीकरवर टाकून तो मी मिरच्यांच्या ढिगापुढं धरला, म्हणजे मला मागं घेता येणार नाही.

"आई, मी अक्कलकुवाले शे. मंगळीबाईजोडे."

एक ट्रक गेला, तो जाऊ देऊन मी पुढं म्हणाले.

"आई, कानबाईना टाइमले तो वास व्हता ना, तो मन्हा आरसाना व्हता. शंखमा किडा मरेल व्हता. माले दुसराच दिन म्हाईत पडं. मी सांगं नही. आनि मंगळीबाई मासोळी खात नही. भगत शे ती."

पलीकडून पंख्याची घरघर ऐकू आली. लोणखेड्याच्या घरातला तो पंखा, त्याखालचा पलंग, सोललेल्या शेंगा. मग सासूबाईंचा आवाज आला, म्हातारा, मी रोज ऐकते त्याच्यापेक्षा खूप म्हातारा. "मंगळी जोडेच शे का? तिले दे."

"ऐकी ऱ्हायनू, पाटलीनबाई," मंगळीबाई म्हणाली. फोन तिनं हातात घेतला नाही.

"मंगळी. तू ये घर. आते मी चालू शकस नही, नही तं मीच येती. तू ये, बठू आपन. तुले काय आवडस ते मी सोता करसू, नूतन नही, मी सोता."

मंगळीबाईनं माझ्याकडं पाहिलं आणि मग फोनकडं, जरा वाकून, जणू त्या तिथं आत बसल्या आहेत. "पाटलीनबाई," ती म्हणाली, "एकतीस वरीस मी तुमना घर व्हती. माले काय आवडस खावाले, सांगा बरं."

तिनं ते टोचून विचारलं नाही. तिला खरंच ऐकायचं होतं, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. एखादा पदार्थ, एखादं नाव निघालं असतं तर ती बहुतेक आलीही असती. मला वाटलं, मी सांगते, मी वाचवते, आणि मी आठवू लागले. पुरणपोळी का, तर ती आम्ही देत होतो. कढी का, तर ती उरायची. गोठ्याच्या पायरीवर पाठ करून बसलेली बाई मला दिसत होती, पाठच दिसत होती. फोनवर सेकंद पुढं जात होते. "मंगळी," असं एकदा आलं, आणि पुन्हा पंख्याची घरघर.

एक गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं. मंगळीबाई जरा वेळ थांबली, मग तिनं तराजू उचलला आणि त्याला विचारलं, "कितली देऊ?"